साती आसरा पेट्रोलपंपावर

आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतोय असं मी म्हणाले, तेव्हा घरात सगळ्यात आधी संशय घेतला गेला तो माझ्या नाकावर. सासूबाई म्हणाल्या, "थोरली नाकानं कांदे सोलती." नवऱ्यानं नळाचं तांब्याभर पाणी गटागटा पिऊन दाखवलं आणि मिशी पुसली. धाकटे भाऊजी तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या माहेरी उन्हाळ्यात पाणीच नसतं, तुमाला पाण्याचा वास काय कळायचा?" तिघंही हसले. मी हसले नाही. हसण्यावारी न्यायची गोष्ट कुठली आणि नाही कुठली, एवढं मला कळतं.

आणि वास कशाचा ते मला नेमकं ठाऊक होतं. माझ्या वडिलांचं घाटघरच्या वाटेवर किराणा दुकान होतं. नाणेघाट बघायला शहरातली पोरं मोटरसायकली घेऊन यायची आणि परतताना टाकी कोरडी करून आमच्या दारात उभी राहायची. जवळपास पंप नाही. म्हणून वडील कॅनमधून पेट्रोल आणून ठेवत आणि रिकाम्या बाटल्यांत भरून विकत. नरसाळं धरायचं काम माझं. त्या बाटल्या ज्या खोलीत असायच्या, त्याच खोलीत मी आणि माझी बहीण झोपायचो. सकाळी उठलं की कपाळावर घण पडत असायचे आणि चहा पोटात ठरायचा नाही. आई म्हणायची, अभ्यास नको असला की पोरींची डोकी दुखतात. शेवटी एक दिवस मी सगळ्या बाटल्या उचलल्या, बाहेर गोठ्याच्या पत्र्याखाली नेऊन ठेवल्या आणि वडिलांच्या भरपूर शिव्या खाल्ल्या. डोकं दुखायचं मात्र थांबलं. तेव्हापासून पेट्रोलचा वास आधी माझ्या कपाळाला कळतो, मग नाकाला.

माझं सासर आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, मंचरहून लोणीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. रस्ता वरच्या अंगाला, आमचं कांद्या-बटाट्याचं रान खाली उताराला, आणि उताराच्या पायथ्याशी विहीर. रस्त्याच्या कडेची जागा चुलत सासऱ्यांची होती. ती त्यांनी दिली आणि तिथं पेट्रोलपंप आला. गावाला त्याचा केवढा अभिमान! पाव्हण्यांना पत्ता सांगताना देवळाची खूण मागं पडली आणि पंपाची खूण पुढं आली. दसऱ्याला पंपाला झेंडूच्या माळा गेल्या त्या आमच्याच रानातल्या. त्या माळा मी माझ्या हातांनी ओवल्या होत्या, म्हणजे पंपाशी माझं जन्माचं वैर होतं असं कुणी म्हणायला नको.

वासाचा विषय मी सोडत नाही म्हटल्यावर नवऱ्यानं त्याचं उत्तर शोधलं. विहीर आमची आणि भाऊकीची सामाईक आहे. पाळीपाळीनं पाणी घ्यायचं आणि मोटरा ज्याच्या त्याच्या. "त्यांच्या मोटरीचं ऑइल गळत आसंल," नवरा म्हणाला. झालं. भाऊकीवर संशय घ्यायला आमच्याकडं पुरावा लागत नाही. त्यांची मोटर बाहेर काढायला लावली. तिला काहीच झालं नव्हतं. मग सूड म्हणून त्यांनी आमची काढायला लावली. तिलाही काही झालं नव्हतं. एवढ्यावरून दोन घरांतलं बोलणं मात्र बंद झालं. वर रस्त्याला तो पंप पांढराशुभ्र उभा होता आणि सगळे पुरुष विहिरीत वाकून एकमेकांच्या मोटरा तपासत होते. कुणाचीही मान वर गेली नाही.

पुरुषांना वास का येत नव्हता तेही सांगते. मोटर तळातलं पाणी ओढते आणि पेट्रोल पाण्यावर तरंगतं. घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात वास असायचा, पण पुसट. लाइट गेली की मात्र धुण्याभांड्याचं पाणी आम्ही बायका पोहऱ्यानं शेंदायचो, आणि पोहरा आणतो ते वरचं पाणी. सकाळच्या उन्हात त्याच्यावर मोरपिसासारखे रंग फिरायचे. शेंदायला वाकलं की विहिरीतून अशी वाफ यायची की डोळे चुरचुरायचे. हे सगळं आम्हा दोघींच्या वाट्याला, माझ्या आणि माझ्या धाकट्या जावेच्या. आणि जावेला दिवस गेले होते.

माझी जाऊ माझ्यापेक्षा बरीच लहान. मला ताई म्हणते. एकदा तिचे दिवस भरायच्या आतच सगळं संपलं होतं, तेव्हा ती महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून होती. म्हणून या खेपेला ती पाऊल टाकायचं तेही सासूबाईंना विचारून टाकत होती. एक दिवस ती विहिरीच्या कठड्याशी चक्कर येऊन बसली. दुसऱ्यांदा न्हाणीत पडता पडता वाचली. चुलीवर तापवलेलं तेच पाणी आणि दार लावलेलं. तोंडाला चव नाही, डोकं सतत धरलेलं, आणि हाताच्या कातडीवर चट्टे. मी म्हणाले, हे पाणी बंद करा. सासूबाई म्हणाल्या, हे आसरांचं आहे.

आमच्या विहिरीत, पाण्याच्या बरंच वर, पायऱ्यांच्या शेवटी एक कोनाडा आहे. त्यात शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्याच्या देवी, सात बहिणी. पोटुशी बाई विहिरीवर गेली आणि तिला घेरी आली की त्या लागल्या असं आमच्याकडं समजतात. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. आत्यांनी जावेला बाजूच्या गावच्या एका जाणत्या बाईकडं नेलं. तिनं तांदूळ टाकून बघितले आणि उपाय सांगितला. अमावास्येपर्यंत रोज सकाळी, काही खायच्या आधी, त्याच विहिरीचं ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्यायचं आणि त्याच पाण्यानं डोक्यावरून न्हायचं. मोटरीचं पाणी चालणार नाही. हातानं शेंदलेलंच हवं. अमावास्येला कोनाड्याशी दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि द्रोणात दिवा ठेवून पाण्यावर सोडायचा.

तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तो अजून पुरता शांत झालेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ ओल्या केसांनी तुळशीपाशी उभी होती आणि आत्या तिच्या ओंजळीत तांब्या ओतत होत्या. मी गेले आणि तिचे दोन्ही हात खाली झटकले. पाणी अंगणात सांडलं. आत्यांनी तांब्या खाली आपटला.

"तुला एकच पोरगी झाली म्हणून हिचं बघवत न्हाई व्हय गं तुला?"

हे माझ्या तोंडावर, माझ्या मुलीच्या देखत. मी म्हणाले, "आत्या, मला काय बोलायचं ते बोला. पण ह्या पाण्यात पेट्रोल आहे. तुम्ही हिला पेट्रोल पाजताय."

"पेट्रोल काय आभाळातनं पडलं?"

"आभाळातनं नाही, वरून आलं. वर बघा एकदा."

त्यांनी वर बघितलं नाही. आणि माझी जाऊ, जिच्यासाठी मी हे करत होते, ती रडत मला म्हणाली, "ताई, तुमच्या पाया पडते. ह्यावेळी मला काय बी चुकवायचं न्हाई." मला कशाचा राग आला असेल तर तो तिच्या त्या भीतीचा. भ्यालेल्या माणसाच्या ओंजळीत कुणीही काहीही ओतावं आणि त्यानं डोळे मिटून प्यावं, याला काय अर्थ आहे?

मी त्याच दुपारी पंपावर गेले. मॅनेजर चांगलाच गोडबोल्या. खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं, तुमची जमिनीखालची टाकी नाहीतर पाइप कुठंतरी फुटलाय, आमच्या विहिरीत पेट्रोल येतंय. तो मोठ्यानं हसला. "वहिनी, पेट्रोल एवढं महाग. आमी विहिरीत कशाला सोडू? आमचा काय दावा हाये का विहिरीशी?" मग आवाज खाली आणून म्हणाला, घरी पाण्याचं फिल्टर बसवून देतो, साहेबांना सांगतो, पण गावात वाच्यता नको. मी म्हणाले, जे गळतच नाही त्यासाठी फिल्टर कशाला देताय? त्याचा चेहरा उतरला. चहा मी तसाच ठेवला आणि उठले. दुसऱ्या दिवशी कचेरीत लेखी अर्ज दिला, मग आणखी एक दिला; दोन्ही तिथंच पडून राहिले.

पुढच्या तपासणीला जावेला मंचरला मी नेलं; भाऊजींना बराखीत, म्हणजे कांदाचाळीत, कांदा भरायचा होता, ते बरंच झालं. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, जाणत्या बाईच्या उपायासकट. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी जावेची नखं बघितली, डोळ्यांच्या खालची कड बघितली, रक्त काढायला सांगितलं. मग समजावलं. पेट्रोलमध्ये बेन्झीनसारखी द्रव्यं असतात. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लगेच दिसणारी लक्षणं. खरं नुकसान आत, सावकाश होतं, जिथं हाडांच्या पोकळीत रक्त तयार होतं तिथं. पोटातल्या बाळाचं काय होईल हे नक्की सांगता येत नाही, म्हणूनच धोका पत्करायचा नाही. आणि नुसतं पिणं बंद करून चालणार नाही. बंद न्हाणीत ते पाणी तापवलं की वाफ छातीत जाते, कातडीतूनही शिरतं. "ते पाणी अंगाला लावूसुद्धा नका," त्या म्हणाल्या.  जावेची ओंजळ अजून ओली असल्यासारखी ती हात पदराला पुसत होती.

घरी आल्यावर मी डॉक्टरांचं सगळं आत्यांना ऐकवलं. आत्या म्हणाल्या, डॉक्टरचं डॉक्टरनी बघावं, देवाचं देवानं. तरी त्या दिवसापासून जावेला मी शेजारच्या वस्तीवरच्या बोअरचं पाणी आणून देऊ लागले. भाऊकीच्या बोअरचं. बोलणं बंद असलेल्या घरात हंडा घेऊन मी गेले आणि काय ते सांगितलं. चुलत सासूबाईंनी एक शब्द न विचारता मोटर चालू केली. सकाळी मात्र जाऊ लपून ओंजळ घेतच होती. मला ते तिच्या श्वासाच्या वासावरून कळायचं.

अमावास्या आली. दुपार टळली तशी आत्यांनी नवी हिरवी बांगडी, खण, दहीभात, कणकेचा दिवा असं सगळं सुपात मांडलं आणि आम्ही तिघी विहिरीवर गेलो. भाऊकीतल्या दोघीतिघीही आल्या होत्या. आत्यांनी पायऱ्यांच्या तोंडाशी पदर खोचला आणि काडेपेटी हातात घेतली. मी आडवी उभी राहिले.

"बाजूला व्हय."

"नाही होणार. खाली पेट्रोलची वाफ साचलीय. काडी ओढली की तुम्ही वर येणार नाही."

"माजं सगळं आयुष्य गेलं हितं दिवा लावण्यात."

"तेव्हा वर पंप नव्हता."

त्यांनी मला ढकललं. साठी उलटलेली बाई, पण हात कांदा काढणारीचे. मी कठडा धरून राहिले आणि ओरडले, "नैवेद्य दाखवा, खण द्या, मी पण हात जोडते. पण दिवा आत नाही. दिवा पाण्यावरच सोडायचाय ना? हे पाणी शेंदते, वरती बांधावर परातीत ओतते. त्यात सोडा. आसरांचंच पाणी आहे, त्यांना कळेल." भाऊकीतली एक म्हातारी म्हणाली, असं बी चालतं. आत्या रागानंच कबूल झाल्या. मला खोटी पाडायची हीच वेळ असं त्यांना वाटलं असणार.

मी पोहरा सोडला तो पाण्याला लागेल न लागेल एवढाच, आणि वरचा तेवढा तवंग उचलून घेतला. विहिरीपासून पार लांब, रिकाम्या रानाच्या बांधावर परात ठेवली. जावेला आणि मुलीला मागं उभं केलं, बोअरच्या पाण्यात गोणपाट भिजवून हातात धरलं. आत्यांनी द्रोण पाण्यावर ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, काडी ओढली आणि वातीला लावायला वाकल्या.

वात पेटायच्या आधी पाणी पेटलं. फस्स असा आवाज झाला आणि परातीच्या काठाकाठानं जाळ पळाला, पिवळा, गुडघ्याएवढा. द्रोण काळा पडून आत बसला. आत्यांच्या पदराचं टोक भुरभुरलं, ते मी गोणपाटानं दाबलं. त्यांच्या हातावरची लव जळली होती. पुन्हा परातीकडं बघितलं तेव्हा जाळ विझत आला होता आणि वर काजळीचा धागा उठत होता.  जाऊ एकदम खाली बसली आणि बोटं घशात घालून ओकायला लागली, सकाळचं, कालचं, परवाचं सगळं निघून जावं म्हणून. मी तिची पाठ धरून ठेवली.

मला वाटलं होतं आत्या रडतील किंवा माझी माफी मागतील. मी आत्यांना ओळखलंच नव्हतं. त्या परातीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. जळका द्रोण त्यांनी काडीनं बाजूला सारला.

"म्हंजी आसरा कोपल्याच न्हाईत."

"नाही."

"त्या गुदमारल्यात गं. त्यांच्या अंगावर ह्यांनी ही घाण सोडली आणि म्या माज्या पोरीला पाजलं." त्या उठल्या. मान आता वर गेली, थेट रस्त्याकडं. "चला."

कुणालाही न जुमानता त्या नाकाला पदर लावून विहिरीत उतरल्या आणि कोनाड्यातले दगड एकेक करून वर देत गेल्या. जीव गुदमरेल म्हणून मी खाली मधल्या पायरीवर उभी राहिले आणि आत्यांना मधूनमधून ओढून वर आणत राहिले. जड होते दगड. भाऊकीच्या बायकांनी ते डोक्यावर घेतले. आमच्या दोन घरांत बोलणं बंद आहे हे त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानातून गेलं. आम्ही उतार चढून रस्त्याला आलो आणि आत्यांनी पंपाच्या तोंडाशी, जिथून गाड्या आत शिरतात तिथं, सातही दगड ओळीनं मांडले, त्यांना खण घातला, बांगड्या घातल्या आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसल्या. दुसऱ्या तोंडाला भाऊकीच्या बायका बसल्या. आत्यांनी सवयीनं काडेपेटी काढली तेव्हा मी ती हिसकावून घेतली. "इथं दिवा नाही, आत्या." त्या म्हणाल्या, "आता आक्कल आली मला," आणि त्या सगळ्या प्रसंगात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

मॅनेजर धावत आला. "आजी, ह्ये काय? बाजूला घ्या दगड."

"तू घे."

त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. पंपावरच्या पोरांना सांगितलं, पोरं एकमेकांकडं बघून पाइप गुंडाळू लागली. आमच्या भागात कुणाची छाती आहे आसरांचा दगड हलवायची? आणि गाड्यांचं तर विचारूच नका. कांद्याच्या पिशव्या भरलेला टेम्पो आला, दगड बघितले, ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला आणि गाडी मागं घेतली. एक बुलेटवाला लई तोऱ्यात आला होता, तोही चपला काढून नमस्कार करून निघून गेला. जुन्नरचे एक मुसलमान व्यापारी होते, बटाट्याची गाडी घेऊन नेहमी त्या रस्त्यानं जाणारे. ते खाली उतरले, काय झालं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आक्का, डिझेल मी मंचरला भरीन. पाण्यात घाण करणं कुठल्याच धर्मात बसत न्हाई." आत्यांनी त्यांच्या हातावर दहीभात ठेवला. त्यांनी तो तिथंच उभ्यानं खाल्ला.

मी अर्ज केले होते, विनंत्या केल्या होत्या, मॅनेजरसमोर शहाण्यासारखी बोलले होते. त्यातल्या कशानंही जे झालं नाही ते सात दगडांनी केलं. शिकल्यासवरल्या लोकांना हे ऐकून अवघडल्यासारखं होतं. होऊ दे. ज्यांना आमच्या पाण्याची लाज वाटली नाही, त्यांनी आम्हाला आमच्या देवांची लाज बाळगायला सांगू नये. आणि पुरुषांचं म्हणाल तर, पहिल्या दिवशी ते लांब चिंचेखाली उभे होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं बायकांवर मांडव घातला. तिसऱ्या दिवशी भाऊजी आत्यांच्या शेजारी येऊन बसले आणि मॅनेजरला म्हणाले, "आता हसा की."

कंपनीची माणसं आली, कचेरीची माणसं आली. पाणी बाटल्यांत भरून नेलं. फरशी फोडली. खाली टाकीला जोडणाऱ्या नळीचा सांधा सुटलेला होता आणि भोवतालची माती काळी, ओली, हात लावला तर बोटं जळजळावीत अशी. कितीतरी काळ गळत असणार. एक साहेब म्हणाले, असं क्वचित होतं. आत्या म्हणाल्या, "क्वचित माज्या घरात झालं." पिण्याच्या पाण्याचा टँकर चालू झाला, टाकी बदलली, विहिरीतलं पाणी उपसायला लागले. मग आत्यांनी दगड वाटेतून उचलले, पण घरी नेले नाहीत. पंपाच्या कुंपणाशी कडुलिंबाखाली मांडले. विहिरीचं पाणी स्वच्छ झाल्याशिवाय त्या परत जाणार नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. विहीर अजून स्वच्छ झालेली नाही. पंप केव्हाच पुन्हा सुरू झाला.

जावेला मुलगी झाली. दिवस थोडे कमी भरले होते, वजन कमी होतं, पण रडली ती अशी की दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. मी तिला हातात घेतलं. आत्यांनी त्या तान्हीच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या वेळी नात झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या बाईनं.

बारशाला पंपाचे मालक आले. अंगडं-टोपडं आणलं, पाळण्यात डोकावले. "गुटगुटीत हाये की! देवाची कृपा. म्हंजे पाण्यानं तसं काय झालं न्हाई. तेवढं एकदा कचेरीतल्या साहेबांना तुमी तोंडानं सांगितलं, तर आमच्यामागचा ससेमिरा सुटंल." माझ्या जिभेवर शिवी आली होती. पण माझ्याआधी जाऊ बोलली. सगळ्या गोतावळ्यात मान खाली घालून बसणारी, पाऊल विचारून टाकणारी माझी जाऊ पाळण्याशी उभी राहिली.

"आज चांगली हाये. उद्याचं डॉक्टरला सांगता येत न्हाई, मला येत न्हाई, मग तुमाला कसं येतं? तुमचा पंप हितंच ऱ्हाणार हाये ना?"

"व्हय, म्हंजे..."

"मग मी बी हितंच हाये. दर वर्साला हिला घेऊन येईन. तुमीच बघा आणि तुमीच सांगा."

मालकांना वाटलं बाळंतीण बोलतेय, बोलू दे. बोलून विसरेल. विसरली नाही. दर वर्षी वाढदिवसाच्या सकाळी मुलीला न्हाऊमाखू घालते, मंचरला नेऊन रक्त तपासून आणते आणि तिथून परतताना थेट पंपावर. कुणाशी भांडत नाही. काचेच्या केबिनसमोर मुलीला घेऊन उभी राहते आणि आतल्या माणसानं मान वर करून बघेपर्यंत हलत नाही. मालक आता त्या दिवशी मुद्दाम पंपावर नसतात.

यंदा मी तिच्याबरोबर गेले होते. मुलगी आता स्वतःच्या पायांनी चालत होती, दोन वेण्या, हातात अर्धवट खाल्लेलं बिस्किट. केबिनमध्ये नवा मॅनेजर होता, बाहेरच्या जिल्ह्यातला, तरुण, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, "किती टाकायचं, ताई?"

जाऊ म्हणाली, "पेट्रोल नको. हिला बघा."

त्यानं गोंधळून मान वर केली आणि खुर्चीतून उठला. "कशासाठी?"

"बसा. सांगते," ती म्हणाली, आणि केबिनच्या आत शिरून त्याच्यासमोरची खुर्ची ओढून आपणच आधी बसली.